गुळाच्या पाण्यापासून वाळूच्या डोंगरापर्यंत : पंख पाठीवर घेऊन अँडीज फिरताना

कोलंबियातल्या रोल्दानियो गावाच्या वर, डोंगरात पॅराग्लायडिंगचा एक टेकऑफ, म्हणजे उड्डाण घ्यायची जागा, आहे. त्याचं नाव आग्वापानेला. स्पॅनिशमध्ये 'आग्वा' म्हणजे पाणी आणि 'पानेला' म्हणजे उसाचा रस आटवून केलेली ढेप. आपल्या भाषेत गूळपाणी. उन्हातून आलेल्या माणसापुढे आधी गूळपाणी ठेवणाऱ्या मुलखातून मी तिथे गेलो होतो. जीपमधून उतरल्यावर शेजारच्या पायलटने नावाचा अर्थ सांगितला, तेव्हा इतका लांबचा प्रवास करून आपण परक्या जागी आलोय असं वाटेनासं झालं. खाली पाहिलं तर काउका नदीचं खोरं, आणि नजर जाईल तिथवर ऊस.

हा लेख कामशेतला किंवा हिमाचलातल्या बीरला पॅराग्लायडिंग शिकून स्वतःची विंग, म्हणजे पॅराग्लायडरचा कापडी पंख, घेतलेल्या आणि आता 'एकदा अँडीजमध्ये उडायचंय' असं मनात धरलेल्या मंडळींसाठी आहे. अँडीजची रांग सुमारे ७००० किलोमीटर लांब आहे आणि व्हेनेझुएला, कोलंबिया, इक्वाडोर, पेरू, बोलिव्हिया, चिली, अर्जेंटिना अशा सात देशांतून जाते. पहिल्यांदा जाणारा माणूस नकाशा उघडतो आणि टेकऑफचे ठिपके जोडत बसतो. मीही तेच केलं होतं. दोन महिन्यांत अकरा ठिकाणं ठरवली आणि प्रत्यक्षात नीट उडलो ती तीन. त्या तीन ठिकाणांनी एक गोष्ट शिकवली : इथल्या प्रत्येक डोंगराचं स्वतःचं घड्याळ आहे. तोच टेकऑफ सकाळी दहाला गुणी असतो आणि दुपारी तीनला जिवावर उठतो. म्हणून जागा शोधायची तर तिची वेळही शोधायला हवी. पुढचं सगळं त्याच अंगाने लिहिलंय.

निघण्याआधी, इथेच

कामशेतचं वेळापत्रक अंगात भिनलेलं असतं. सकाळी लवकर शिंदेवाडीच्या टेकडीवर ग्राउंड हँडलिंग (जमिनीवरच विंग सांभाळायचा सराव), दुपारी सावलीत, उन्हं उतरल्यावर टॉवर हिलवर सोअरिंग (डोंगरावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगणं), पवनेच्या पाण्यावर संध्याकाळ उतरेपर्यंत. ही सवय अँडीजमध्ये जवळजवळ उलटी करावी लागते. तिथे उडायचं ते सकाळी आणि भर दुपारी, थर्मलमध्ये, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत. म्हणून जाण्याआधी थर्मलची ओळख हवीच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीर-बिलिंगला दोन आठवडे काढा, तेही गाइडबरोबर.

तुमची तयारी झालीय का, हे ओळखायची माझी कसोटी अशी : मध्यम वाऱ्यात रिव्हर्स लाँच (विंगकडे तोंड करून ती उचलणं आणि मग वळून निघणं) वीसपैकी अठरा वेळा पहिल्या प्रयत्नात जमायला हवा. उतरताना आधी ठरवलेल्या जागेच्या वीस-पंचवीस मीटरच्या आत पाय टेकायला हवेत. विंगचा कोपरा मिटला की विचार न करता हात आणि वजन आपोआप योग्य बाजूला जायला हवं. आणि रिझर्व्ह, म्हणजे आणीबाणीच्या, पॅराशूटचं हँडल डोळे मिटून सापडायला हवं. हार्नेस, म्हणजे पायलटची पट्ट्यांची बैठक, झाडाला किंवा तुळईला टांगून, त्यात बसून, रिझर्व्ह खरोखर फेकून पाहा. मग जाणकाराकडून ते पुन्हा पॅक करून घ्या. वर्षभर बॅगेत चुरगळून पडलेलं रिझर्व्ह घेऊन समुद्रापार जाऊ नका.

कागदपत्रं

इथे कंटाळा केला तर पुढे फार महाग पडतं, म्हणून सविस्तर सांगतो.

व्हिसा : भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा किंवा शेंगेनचा पुरेशा मुदतीचा व्हिसा असला, तर कोलंबिया आणि पेरूमध्ये पर्यटनासाठी सवलत मिळते. बाकी देशांचे नियम वेगवेगळे आहेत आणि ते बदलत राहतात. तिकिटाचे पैसे भरण्याआधी त्या-त्या दूतावासाच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्यात पाहा. वाटेतला विमानतळही विसरू नका. अमेरिकेतून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपातून जाताना काही देश ट्रान्झिट व्हिसा मागतात. कोलंबियात शिरण्याआधी 'चेक-मिग' नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. तो फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी पानं दिसली तर बंद करा.

पीतज्वराची लस : हा मुद्दा आपल्यासाठी खास महत्त्वाचा आहे. कोलंबिया, इक्वाडोर, पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना हे पीतज्वराच्या यादीतले देश आहेत. तिथून परतताना पिवळं प्रमाणपत्र हातात नसेल, तर भारतातल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य धरतात. म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून भागत नाही. एकदा घेतली की प्रमाणपत्र जन्मभर चालतं. केंद्रांवर ठरावीक वारीच लस देतात, तेव्हा महिनाभर आधी फोन करा.

पायलट कार्ड : आपल्या शाळेकडून मिळालेलं एपीपीआय या पॅराग्लायडिंग संघटनेचं कार्ड, किंवा आंतरराष्ट्रीय आयपीपीआय कार्ड जवळ ठेवा. पायलटची पातळी दाखवणारी ही कार्डं. टेकऑफवर ते मागितलं जाऊ शकतं.

विमा : साध्या प्रवास विम्यात पॅराग्लायडिंग बहुधा वगळलेलं असतं. बारीक अक्षरातली वगळण्यांची यादी स्वतः वाचा. डोंगरातून उचलून आणण्याचा खर्च, हेलिकॉप्टरसकट, त्यात धरलाय का हे लेखी विचारा. फोनवरच्या 'हो सर, कव्हर होतं' या उत्तरावर मी एकदा विसंबलो होतो. नंतर पॉलिसीचा कागद आला, त्यात नेमका उलटा मजकूर होता.

आणखी एक. परदेशी पायलट उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र हार्नेसला लावतात. ते अतिशय उपयोगी आहे, पण भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगता येत नाही. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांवर यावरून कारवाई झालेली आहे. इथून विकत घेऊन नेण्याचा किंवा येताना सोबत आणण्याचा विचार सोडा. तिथे भाड्याने मिळतं का ते पाहा आणि परत करून या.

पाठीवरचं ओझं

बॅकपॅकिंग म्हणजे सगळं पाठीवर. त्यामुळे वजनाचा हिशोब ग्रॅममध्ये करावा लागतो. हलक्या कापडाची ईएन-ए किंवा सोपी ईएन-बी (सुरक्षिततेच्या वर्गवारीतले सोपे वर्ग) विंग साडेतीन ते साडेचार किलो. उलटवली की पाठपिशवी होणारा हार्नेस तीन किलोच्या आसपास. रिझर्व्ह सव्वा ते दीड किलो. हेल्मेट, व्हेरिओ (चढ-उताराचा वेग दाखवणारं यंत्र), हातमोजे, वाऱ्याचं जॅकेट मिळून आणखी दीड. म्हणजे उडण्याचं सामान दहा किलोच्या आसपास बसतं, आणि कपड्यालत्त्याला पाच-सहा किलो उरतात. नेहमीचा जाड हार्नेस आणि जुनी विंग घेतलीत तर हेच ओझं सोळा-सतरा किलोंवर जातं, आणि बसस्थानकाच्या तिसऱ्या जिन्यावर ते कळतं.

पण हलकं करण्याच्या नादात दोन गोष्टींना हात लावू नका : हार्नेसमधलं पाठीचं संरक्षण आणि घोट्यापर्यंतचे बूट. या सहलीसाठी नवी, वरच्या दर्जाची विंगही घेऊ नका. ओळखीची विंगच न्या. नवी हवा आणि नवी विंग यांची एकदम ओळख करून घ्यायची ही जागा नव्हे.

विमानात विंग चेक-इन सामानात गेली तरी चालेल. व्हेरिओ, पॉवर बँक आणि लिथियम बॅटरीचं सगळं हातातल्या पिशवीत ठेवा. मी हेल्मेटही हातात ठेवतो. एकदा माझी मोठी बॅग चार दिवस उशिरा आली. विंग उसनी मिळाली असती, पण माझ्या मापाचं हेल्मेट गावात कुणाकडे नव्हतं.

फोनमध्ये एक्ससीट्रॅक (उड्डाणाची नोंद ठेवणारं) आणि विंडी (हवामानाचं), ही दोन्ही अ‍ॅप आधीच टाकून, वापरून घ्या. एक्सकॉन्टेस्टच्या संकेतस्थळावर जगभरचे पायलट आपली उड्डाणं टाकतात. तिथे रोल्दानियो किंवा इकिके शोधा आणि लांबवर गेलेली उड्डाणं बाजूला ठेवून तास-दीड तासाची उड्डाणं उघडा. लोक किती वाजता निघाले, कुठे उंची घेतली आणि किती वाजता उतरले, हे पाहा. दहा उड्डाणं अशी पाहिलीत की त्या जागेचं घड्याळ घरबसल्या अर्धं कळतं.

उरलेलं अर्धं कळायला एक वही लागते. खिशात मावणारी, दोन रुपयांच्या पेनासकट. ती कशी भरायची ते पुढे येईलच.

पहिला मुक्काम : बुकारामांगा

पहिल्याच दिवशी मोठ्या थर्मलमध्ये शिरू नका. प्रवासाने शरीर थकलेलं असतं, झोपेचं गणित बिघडलेलं असतं. कोलंबियाच्या ईशान्येला सांतान्देर प्रांतात बुकारामांगा शहर आहे. त्याच्या लगतच्या रुइतोके पठाराच्या काठावर लास आगिलास, म्हणजे 'गरुड', नावाची उडण्याची जागा आहे. हिरवळीचा ऐसपैस टेकऑफ, काठावर आदळून वर चढणारा वारा, जवळच शाळा आणि राहण्याची सोय. जगभरचे शिकाऊ इथे येतात, त्याचं कारण एवढंच की वारा वर्षातले बहुतेक दिवस येतो आणि बहुतेक वेळा एकाच दिशेने येतो.

आठवडाभर इथे राहा. काठाकाठाने जा-ये करा, वरच उतरायचा सराव करा. गर्दी असते, म्हणून दोन नियम तोंडपाठ हवेत. समोरासमोर आलात आणि डोंगर तुमच्या उजव्या हाताला असेल, तर वाट तुमची. डावीकडे असेल तर तुम्ही बाहेर सरका. थर्मलमध्ये जो आधी शिरला त्याच्या फिरण्याची दिशा, तीच सगळ्यांची.

वहीला इथे सुरुवात करा. रोज फक्त चार नोंदी : पहिला गिधाडांचा घोळका किती वाजता वर चढला, वारा किती वाजता स्थिर झाला, किती वाजता झोंबायला लागला, आणि इथले जुने पायलट किती वाजता विंगा गुंडाळू लागले. चौथी नोंद सगळ्यात मोलाची. आपल्याला हवा छान वाटत असते, आणि वीस वर्षं तिथेच उडणारा माणूस मुकाट्याने विंग घडी करत असतो. त्याला विचारायची लाज वाटू देऊ नका. 'पोर के नो बुएलास?', म्हणजे 'का उडत नाहीस?', एवढं स्पॅनिश पुरतं.

याशिवाय लागणारे शब्द फार नाहीत. विएन्तो म्हणजे वारा, देस्पेगे म्हणजे टेकऑफ, अतेर्रिसाहे म्हणजे लँडिंग, वेला म्हणजे विंग, नुबे म्हणजे ढग. शाकाहारी असाल तर 'सिन कार्ने', म्हणजे 'मांसाशिवाय', एवढंच म्हणून थांबू नका. त्यांच्या लेखी कोंबडी म्हणजे 'कार्ने' नव्हेच. 'सिन पोयो, सिन पेस्कादो', म्हणजे 'कोंबडीशिवाय, माशांशिवाय', हेही जोडा. मक्याची जाड भाकरी, अरेपा, आणि राजम्यासारखे फ्रिहोलेस कुठेही मिळतात. आपलं पोट त्यावर छान राहतं.

आणि एक कोलंबियन वाक्प्रचार : 'नो दार पापाया', शब्दशः 'पपई देऊ नकोस'. दुसऱ्याला हात मारायची संधी देऊ नकोस, असा अर्थ. बसस्थानकावर फोन हातात नाचवू नका, विंगची पिशवी पायात अडकवून बसा, रात्री गावाबाहेर एकटे फिरू नका.

रोल्दानियो

आता खरा मुक्काम. काली शहराच्या उत्तरेला, बसने सुमारे तीन तासांवर, पश्चिम कोर्दियेरा या डोंगररांगेच्या पायथ्याशी हे छोटं गाव आहे. चित्रकार ओमार रायो इथलाच. त्याचं संग्रहालय गावात आहे, पावसाच्या दिवशी जरूर पाहा. उडणाऱ्यांना हे गाव माहीत आहे ते इथे झालेल्या मोठ्या स्पर्धांमुळे. जानेवारी २०१३ मध्ये पॅराग्लायडिंग वर्ल्ड कपची सुपरफायनल इथे झाली आणि जानेवारी २०१५ मध्ये जागतिक अजिंक्यपद. डिसेंबर ते मार्च हा मुख्य हंगाम, जुलै-ऑगस्टमध्ये दुसरा, जरा लहान. गाव विषुववृत्ताच्या जवळ असल्याने दिवस वर्षभर बारा तासांचाच.

नवख्याने इथे एकट्याने उडू नये. हंगामात गाइड आणि गट सहज मिळतात. पहिला आठवडा तरी त्यांच्याबरोबर घालवा. या जागेचं घड्याळ एकदा समजलं की कळेल मी असं का म्हणतो.

दोन डोंगररांगा समोरासमोर आहेत : पश्चिम कोर्दियेरा, जिच्या पायथ्याशी गाव आहे, आणि समोर पूर्वेला मध्य कोर्दियेरा. मध्ये काउकाचं सपाट, रुंद खोरं, समुद्रसपाटीपासून साधारण ९५० मीटरवर. टेकऑफ पश्चिमेच्या रांगेवर, पूर्वेकडे तोंड करून. त्यामुळे सकाळचं ऊन थेट त्या उतारांवर पडतं आणि साडेनऊ-दहालाच थर्मल सुटू लागतात. मग बारा-एकच्या सुमारास खालची सपाटी तापते आणि चांगली हवा खोऱ्याच्या मध्यावर सरकते. दुपार उतरताना तिसरी गोष्ट घडते. पश्चिमेच्या रांगेपलीकडे पॅसिफिक महासागर आहे. तिथली थंड, जड हवा डोंगराच्या खिंडी ओलांडून या बाजूला घरंगळते. सकाळी ज्या उतारांनी तुम्हाला वर उचललं, तेच आता वाऱ्याच्या आडोशाला येतात, आणि आडोशाला काय असतं हे सह्याद्रीत उडणाऱ्याला सांगायला नको. रोटर. विंग मोडून टाकणारी, दिशा नसलेली हवा.

म्हणून इथला दिवस असा लावायचा. सात वाजता नाश्ता. आठ-साडेआठला चौकातून जीप, भाडं रोख आणि सुटं द्यायचं. साडेनऊला टेकऑफवर, विंग पसरायच्या आधी अर्धा तास नुसतं बसायचं. काळी गिधाडं इथे भरपूर असतात, त्यांना गायिनासो म्हणतात. आपल्या घारींसारखीच ती थर्मल दाखवतात. पंख न हलवता ती टेकऑफच्या वर दोन-तीन चकरा मारून गेली की मग तयारीला लागा. डोंगरापाशी उंची घ्या, आणि बाराच्या आत सपाटीवर निघा. पहिल्या आठवड्यात दीडपर्यंत जमिनीवर या. दुपारी दोननंतर डोंगराच्या कुशीत सापडायचं नाही, मग वर कितीही सुंदर ढग असोत.

हे मला कळलं ते हवेतून नव्हे, जमिनीवरून. एके दुपारी लवकर उतरलो होतो आणि रस्त्याकडेच्या टपरीवर बसलो होतो. इथे तोडणीआधी ऊस पेटवतात. त्या वेळी दोन फड पेटले होते, एक डोंगराच्या पायथ्याशी, दुसरा दूर नदीकडे. दोन्हीचा धूर सरळ वर जात होता, वरच्या टोकाला पांढुरका ढग धरत होता. दोन वाजून चाळीस मिनिटांनी पायथ्याकडचा धूर मधूनच वाकला. आधी एक हात, मग बघता बघता पार आडवा, पूर्वेकडे, जमिनीला घासत. नदीकडचा धूर अजून काठीसारखा उभा होता. पायथ्यापाशी हवेत एक विंग होती. ती पुढे सरकेनाशी झाली, एक बाजू मिटली, उघडली, पुन्हा मिटली. त्या पायलटने खोऱ्याकडे तोंड केलं, वाऱ्याबरोबर बाहेर पडला आणि लांब एका कुरणात उतरला. काही झालं नाही त्याला. मी वहीत लिहिलं : २.४० – पायथ्याचा धूर आडवा. पुढच्या दहा दिवसांत ही वेळ दोन-सव्वातीनच्या मध्ये फिरत राहिली. एकदाही चुकली नाही.

आता उतरण्याबद्दल. ऊस हे आपलं पीक, म्हणून आपल्याला वाटतं की मऊ आहे, पडलो तर झेलेल. तसं अजिबात नाही. पुरुषभर नव्हे, दोन पुरुष उंचीचा ऊस असतो. त्यात उतरलात की जमीन दिसत नाही, विंग वाढ्यांवर पसरते आणि शेकडो बारीक लाइन्स, म्हणजे विंगच्या दोऱ्या, पाचटात गुंततात. मी एकदा उतरलो, रस्त्यापासून फक्त साठ पावलांवर. बाहेर यायला पावणेदोन तास लागले. पाचटाने दोन्ही मनगटं चिरली. शेवटी एक तोडणी कामगार कोयता घेऊन आत आला. त्याने एकही लाइन तुटू न देता एकेक ऊस बुडख्याशी छाटला, आणि विंग माझ्या हातात दिली. छाटलेल्या उसाचे पैसे द्यायला गेलो तर त्याने एक कांडं सोलून माझ्याच हातात ठेवलं. आमच्याकडेही असाच ऊस असतो, असं मी खुणांनी सांगितलं, तेव्हा तो खूप वेळ हसत होता.

तर नियम : उंची दोनशे मीटर उरली की उतरायची जागा पक्की झालेली हवी. गुरांची कुरणं उत्तम. नुकता तोडलेला फडही चालेल, पण धसकटं असतात, घोट्याला जपा. विजेच्या तारा शेताच्या बांधावरून जातात आणि वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरा. मुख्य रस्त्याजवळ उतरा. विंग घडी करून रस्त्याला लागा, हात करा, बस थांबते. पिशवी पाहून कंडक्टर विचारतो, 'परापेंते?', म्हणजे 'पॅराग्लायडर?' हो म्हणा, तो मागे जागा करून देतो.

उंचावरचं पेरू

पेरूत दोन ठिकाणी मोह होतो. लिमा शहरात मिराफ्लोरेसच्या समुद्रकड्यावरून लोक उडताना दिसतात. दृश्य सुंदर, पण एका बाजूला इमारती, खाली रस्ता आणि चिंचोळा किनारा. दुसरं कुस्कोजवळचं पवित्र खोरं, उरुबांबा नदीचं. दोन्हीकडे मी नवख्यांना टँडमच, म्हणजे अनुभवी पायलटबरोबर एकाच विंगखाली उडणं, सुचवेन.

कुस्कोच्या उंचीचं गणित समजून घ्या. ते शहर सुमारे ३४०० मीटरवर आहे. हवा विरळ असली की विंगला तेवढाच भार उचलायला जास्त वेगाने जावं लागतं. समुद्रसपाटीला ताशी ३६ किलोमीटरने जाणारी विंग ३५०० मीटरवर ताशी ४३ च्या आसपास जाते. म्हणजे शांत हवेतही टेकऑफला जास्त पळायचं आणि उतरताना जास्त वेगाने जमीन गाठायची. वर तुमचीच धाप लागलेली. पहिले दोन-तीन दिवस उडण्याचं नाव काढू नका, पाणी प्या, हळू चाला. डोकं ठणकतंय, मळमळतंय, चालताना तोल जातोय, असं झालं तर औषध घेऊन वरच थांबू नका, खाली उतरा. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात. तिथे तो कायदेशीर आहे, प्या. पण त्याच्या पुड्या आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. भारतात तो अमली पदार्थांच्या कायद्यात येतो.

अर्जेंटिनाबद्दल थोडंच

तुकुमानजवळच्या लोमा बोला इथे २०२१ चं जागतिक अजिंक्यपद झालं. जागा मोठी आणि पहिल्या सहलीसाठी लांबची. मेन्दोसाकडे गेलात तर एक शब्द लक्षात ठेवा : झोंदा. अँडीज ओलांडून पूर्वेच्या उतारावरून खाली कोसळणारा कोरडा, गरम वारा. मुख्यतः मे ते नोव्हेंबर. वर शांतता, आणि अचानक धुळीची भिंत. अंदाजात झोंदा असेल त्या दिवशी विंग खोलीतच राहू द्या.

शेवटचा मुक्काम : इकिके

सहल कुठे संपवावी असं मला विचाराल तर उत्तर चिलीतल्या इकिकेला. खरं तर हे डोंगर किनारपट्टीच्या रांगेतले, उंच अँडीज त्यांच्या मागे पूर्वेला. पण अँडीजमुळेच हे वाळवंट वाळवंट आहे. पूर्वेचा पाऊस ती रांग अडवते आणि पश्चिमेला हम्बोल्ट प्रवाहाचं थंड पाणी. आताकामात पाऊस जवळजवळ पडतच नाही. तापलेली वाळू आणि थंड समुद्र शेजारी शेजारी, त्यामुळे समुद्रावरून वारा रोज येतो, अगदी रोज. वर्षातले बहुतेक दिवस उडता येतं.

टेकऑफ अल्तो ओस्पिसिओला, शहराच्या डोक्यावर, सुमारे साडेपाचशे-सहाशे मीटरवर. खाली शहर, शहरामागे सेरो द्रागोन, म्हणजे ड्रॅगनचा डोंगर. तो अख्खा वाळूचा आहे. त्याच्या धारेवरून तरंगत जाताना वाळूवर आपली सावली दिसते, आधी लहान, मग मोठी, मग पुन्हा लहान. तिथून समुद्रकिनाऱ्यावर उतरायचं.

इथलं घड्याळ रोल्दानियोपेक्षा सोपं आहे, पण आहे. सकाळी उशिरापर्यंत समुद्राकडून कामान्चाका नावाचं धुकं असू शकतं, ते विरेपर्यंत थांबा. दहा-अकराला वारा मवाळ, थर्मल बारीक. ही नवख्याची वेळ. दुपारी समुद्राचा वारा जोर धरतो. जमिनीवर ताशी २५ किलोमीटरच्या वर गेला तर तुमच्या विंगला पुढे सरकायला फारसं काही उरत नाही आणि मागे शहराच्या इमारती असतात. पहिल्या दिवशी टेकऑफवर न जाता दक्षिणेकडच्या पालो बुके इथल्या वाळूच्या उतारावर जा. वाळूवर पडलं तरी लागत नाही, म्हणून वाऱ्यातला सराव करायला याच्यासारखी जागा मी दुसरी पाहिली नाही. किनाऱ्याने दक्षिणेकडे तोकोपियापर्यंत उडत जाणारे पायलट भेटतील. त्यांच्या गप्पा ऐका, त्यांच्यामागे जाऊ नका. मध्ये मैलोन्‌मैल पाणी नाही, माणूस नाही.

उन्हाचं भान ठेवा. समुद्राचा गार वारा असतो म्हणून कळत नाही, संध्याकाळी नाक सोलून निघतं. दोन लिटर पाणी हार्नेसमध्ये असायलाच हवं.

इथून निघायच्या आदल्या दिवशी एक काम शिल्लक राहतं, ते टाळू नका. बारीक वाळू विंगच्या खणांमध्ये जाऊन मागच्या काठाला साठते. ती तशीच घरी आणलीत तर कापडाला आतून कानशीसारखी घासत राहते. सकाळी, वारा पडलेला असताना, दोघांनी मिळून विंग उलटी धरायची, पुढची तोंडं खाली, मागचा काठ वर, आणि एका टोकापासून एकेक खण हलक्या हाताने झटकत जायचं. मला पहिल्यांदा हे करताना पाऊण तास लागला होता. खाली वाळूचा एवढासा ढीग झाला. समोरचा चिलीचा म्हातारा पायलट विंगचं दुसरं टोक धरून उभा होता. त्याने आकाशाकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे, आणि म्हणाला, 'ला ऊना', एक वाजता. मी वही काढली. त्या दिवशी एक वाजून पाच मिनिटांनी वारा झोंबायला लागला आणि किनाऱ्यावरच्या सगळ्या विंगा घडीत गेल्या.